जावेच्या दारासमोरचा आरसा

त्या रविवारी सकाळपासून दोन्ही घरांत मिळून एकाच बाईचा आवाज फिरत होता, आणि तो शेवंतीचा होता.

"प्रेमा, ती हिरवी नको, आबोली नेस! अहो, पंख्याची पाती पुसलीत का? सुलू, गो सुलू, तुझ्याकडले कप आण बाय, माझ्या सेटातल्या दोघांचे कान गेले!"

"आणते, ताई," सुलक्षणा आपल्या ओट्याजवळून म्हणाली आणि बशा पुसायला लागली.

पाहुणे मुलुंडहून यायचे होते. श्यामकांत गुरुजी, त्यांच्या पत्नी सुगंधाबाई आणि बँकेतला मुलगा चंद्रप्रकाश. मुलाला प्रेमा पसंत होती, प्रेमाला मुलगा. आज फक्त मोठ्यांनी बसून पक्कं करायचं होतं. फक्त म्हणायचं आपलं! याआधीची दोन स्थळं अशीच पक्की होता होता घसरली होती, आणि प्रेमानं आईला सरळ सांगून टाकलं होतं की हेही गेलं तर मी पुन्हा कुणापुढे चहाचा ट्रे घेऊन येणार नाही. म्हणूनच शेवंती ओरडत होती. घाबरली की ती ओरडते, हे तिच्या धाकट्या जावेइतकं कुणाला ठाऊक?

सुलक्षणा कप घेऊन दाराबाहेर पडली आणि पडताना मान खाली घातली. स्वतःच्याच दारातून मान खाली घालून जायची तिला आता सवय झाली होती. दाराच्या वर, बाहेरच्या बाजूला, लाल-हिरव्या आठकोनी चौकटीत एक फुगीर आरसा लटकत होता. त्याच्या बरोब्बर समोर शेवंतीचं दार.

सासऱ्यांनी लालबागची खोली विकून बोरिवलीत ही दोन घरं घेतली तेव्हा मुद्दाम समोरासमोर मागून घेतली होती. एक थोरल्या दशरथला, एक लवूला. मधल्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये दोघी जावा भाजी निवडायच्या, तांदूळ पाखडायच्या. सुलक्षणाची शकु तर पाळण्यापेक्षा प्रेमाच्या अंथरुणातच जास्त वाढली. सगळं चांगलं चाललं होतं. मग गिरण्यांचा संप झाला, आणि लवू घरी बसला तो बसलाच.

आरसा आणला जयवंतानं. तिघांत धाकटा, बोटीवर कामाला. बोटीवरच्या एका चिनी आचाऱ्यानं त्याचं डोकं फिरवलं होतं. मागच्या सुट्टीत आला तो घरात पाऊल टाकल्यापासून सुरूच. "वहिनी, दाराकडे पाय करून झोपता? अरे देवा! चूल आणि नळ चिकटून? आग-पाण्याचं भांडण लावलंस तू घरात. बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर कशाला? फुटकं, मोडकं, तुंबलेलं काढून टाक. घराला वारा-पाणी खेळतं लागतं, त्यालाच ते लोक फेंगशुई म्हणतात. घर मोकळं तर डोकं मोकळं."

लवू हसला होता. पण घरात पैसा नाही, नवरा दिवसभर कॉटवर पडून छताकडे बघतोय, अशा बाईला कुणीतरी 'हे एवढं कर, बरं वाटेल' म्हणून सांगितलं तर ती काय करील? सुलक्षणानं कॉट फिरवली. माळ्यावरचं मोडकं सामान भंगारवाल्याला घातलं. खिडकीतले डबे काढले तर ओट्यावर सकाळचं ऊन आलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलंही. कितीतरी दिवसांनी तिला नीट झोप लागली होती.

आरसा मात्र जयवंतानं स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी दिला होता. खिडकीसमोर विजेचा लोखंडी मनोरा होता, त्याच्यासाठी. "हा बाहेर तोंड करूनच लावायचा," त्यानं बजावलं होतं. "येणारं वाईट जे असेल ते हा परतवतो. पण ऐक, समोर माणसाचं दार असेल तिथं चुकूनही लावायचा नाही. परत गेलेलं त्याच दारात शिरतं."

हे तो एकदा नाही, दोनदा म्हणाला होता. म्हणजे ऐकलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

जयवंत बोटीवर परतल्यावर आठवड्याभरात शेवंतीकडे फ्रिज आला. हमालांनी तो पॅसेजमध्ये टेकवला आणि एकानं विचारलं, "कौनसा दरवाजा?" दुसरा सुलक्षणाच्या दाराकडे, तिच्या उसवलेल्या पडद्याकडे बघून म्हणाला, "ये नहीं होगा, वो होगा." बस, एवढंच. शेवंतीनं तर त्याच संध्याकाळी गार पाण्याची बाटली आणून दिली होती. बाटली सुलक्षणानं घेतली, शेवंती घासाघीस कशी केली ते सांगून गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुलक्षणानं खिडकीवरचा आरसा काढून दारावर ठोकला.

आणि शेवंतीला तो आवडला! दिरानं परदेशातून आणलेली वस्तू म्हणून दसऱ्याला तिनं स्वतः स्टुलावर चढून त्याला झेंडूची माळ घातली. "तुझ्या आरशात माका ओट्यावरना आख्खो जिनो दिसता गो," ती कौतुकानं म्हणायची. "कोण इलो, कोण गेलो, सगळा." सुलक्षणा तेव्हा हसायची. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटू लागली.

महिन्याभरात लवूला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला नोकरी लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रेमाचं पहिलं स्थळ फिसकटलं.

पाहुणे आले. बुंदीचे लाडू, पोहे, चहा. शेवंतीच्या बाहेरच्या खोलीत दशरथ आणि लवू कॉटवर, पाहुणे खुर्च्यांवर, बायका दाराशी. श्यामकांत गुरुजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, बोलणं खडूसारखं कोरडं पण ऐकावंसं.

"आम्ही पत्रिका पाहिली नाही, पाहणारही नाही," ते म्हणाले. "देणंघेणं नको. मला फक्त घर पाहायचं होतं. आणि पाहून बरं वाटलं बरं का. दोन भाऊ समोरासमोर, दोन्ही दारं सताड उघडी! मुंबईत हल्ली बेल वाजवली की आधी भोकातून डोळा दिसतो."

"आमची दारं दिवसा लागतच नाहीत," शेवंती खूश होऊन म्हणाली. "माझी ही जाऊ म्हणजे पाठची बहीणच."

सुलक्षणानं लाडवांचं ताट उगाचच या हातातून त्या हातात घेतलं. तिला वाटलं, कुणी आत्ता दार लावून घेईल तर बरं.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

"काय यार, लिफ्ट कधी बसवणार ही सोसायटी?" जयवंत! तो पुढल्या आठवड्यात यायचा होता. खांद्यावर केवढी तरी बॅग, घामाघूम, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावर कळावं. पॅसेजमध्ये येऊन त्यानं बॅग टाकली, वर पाहिलं आणि कपाळावर हात मारून खदाखदा हसला.

"वहिनी! धाकट्या वहिनी! अगं हा इथं लावलास? अगं बाई, समोर दादाचं दार! दोनदा सांगितलं होतं ना तुला? यानं समोरच्याची वाट लागते, वाट!"

मग तो दारात आला, खुर्च्यांवरची अनोळखी माणसं पाहिली आणि ओशाळून नमस्कार केला.

"कसला आरसा?" गुरुजींनी विचारलं.

जयवंतानं इथं गप्प बसायला हवं होतं. पण तो पडला भोळा, आणि विचारणारे वडीलधारे. "काही नाही हो, चिनी लोकांचं एक असतं. आपल्याकडचं वाईट परतवायचा आरसा. म्हणजे ते समोरच्या घरात…" इथं त्यानं शेवंतीचा चेहरा पाहिला, मग सुलक्षणाचा. आणि त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

शेवंती सुलक्षणाकडे बघत होती. आरसा, झेंडूची माळ, दोन स्थळं, एकेक तिच्या डोळ्यांत येऊन बसताना सुलक्षणाला दिसलं. तिला वाटलं, आता ही बोलणार. बोलली तर बरंच.

"तो होय?" शेवंती पाहुण्यांकडे वळून म्हणाली. "तो मीच लावायला सांगितला तिला. मला ओट्यावरून जिना दिसतो त्याच्यात."

"पण हे आत्ता म्हणाले ते तुम्हाला माहीत होतं?" गुरुजींनी विचारलं.

"हो. म्हणजे होतं." शेवंतीला खोटं बोलायची सवय नव्हती, ती अडखळली. "आपलं थोडंफार मानतो आम्ही. घर म्हटलं की असायचंच."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "स्वतःच्या घरावर वाईट यावं म्हणून कुणी आरसा लावून घेत नाही, बाई. काहीतरी लपवताय तुम्ही. की पत्रिका पाहणार नाही, या माझ्या बोलण्याला मघाशी नुसत्या माना हलवल्या? हे बघा, मला श्रीमंती नको, शिक्षणाचाही फार आग्रह नाही. पण घरात एक आणि पाहुण्यांत एक, हे मला चालत नाही." ते सुगंधाबाईंकडे बघून उठायच्या बेतात आले. "ठीक आहे. आम्ही कळवतो."

आम्ही कळवतो! दोन वेळा ऐकलेला शब्द. कॉटवर बसलेल्या दशरथची मान खाली गेली. आतल्या दारात प्रेमा बशा घेऊन उभी होती, आबोली साडीत, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रडली असती तर बघवलं असतं.

सुलक्षणाला कळत होतं की गप्प राहिलं तर आपण सुटतो. शेवंतीनं तिच्यापुरतं सगळं झाकून टाकलं होतं. उद्या परवा दोघी पॅसेजमध्ये बसून शेंगा सोलतील, आणि प्रेमाच्या स्थळांत आणखी एकाची भर पडेल. तिनं ताट खाली ठेवलं.

"ताई खोटं बोलतायत," ती म्हणाली.

"सुलू, गप बस," लवू म्हणाला.

"नाही बसत. गुरुजी, आरसा मी लावला. त्यानं काय होतं म्हणतात ते मला माहीत होतं, ताईंना नव्हतं. जयवंत भाऊजींनी मला बजावलं होतं. तरी मी तो यांच्या दारासमोर लावला, कारण यांच्याकडे फ्रिज आला होता आणि माझा नवरा घरी बसला होता." तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "दुसरं काही कारण नाही. ताई मला कधी वाईट शब्द बोललेल्या नाहीत."

आता थांबलं तरी चाललं असतं. पण तोंड उघडलंच होतं, आणि आतली घाण अर्धीच काढून उपयोग नव्हता.

"प्रेमाचं पहिलं स्थळ मोडलं तेव्हा मी स्टूल घेऊन चढले होते. काढते म्हणून. आरशाला हात लावला आणि तशीच उतरले. कारण तो लावल्यावर ह्यांना नोकरी लागली होती. मला वाटलं, आरशानंच लागली. काढला आणि गेली तर? दुसरं मोडलं तेव्हा चढलेसुद्धा नाही."

"अगं, ती नोकरी आरशानं नाही…" शेवंतीच्या तोंडून निघून गेलं.

"शेवंती," दशरथ म्हणाला. "राहू दे."

एवढंच. पण लवूचे कान लालभडक झाले होते आणि तो थोरल्या भावाकडे बघत होता. सुलक्षणानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा थोरल्या भाऊजींकडे. दशरथभाऊजी मात्र आपल्या पायांच्या नखांकडे बघत बसले होते, जणू चोरी त्यांचीच पकडली गेली होती. तेव्हा तिला समजलं. नोकरी या दारातून आली होती. वर्षभर तिनं ज्या घराकडे आपलं वाईट धाडलं, त्याच घरातून.

जमिनीत गाडून घ्यावं म्हणतात, तसं तिला झालं. पण जमीन कुठली, पाहुण्यांसमोर उभंच राहावं लागलं.

सुगंधाबाई आतापर्यंत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या शेवंतीला म्हणाल्या, "आणि तुम्ही हिच्यासाठी खोटं बोललात? मुलीचं लग्न पणाला लावून?"

शेवंतीनं पदर सावरला. "घरातली आहे हो ती. बाहेरच्यांपुढे तिला उघडी कशी पाडू? मला दुसरं काही सुचलंच नाही."

"आणि अशी जाऊ समोर असताना तुम्ही नांदता कशा?"

"आत्ताच कळलंय मला," शेवंती म्हणाली. "बघते कसं जमतं ते."

सुगंधाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याचा कप त्यांनी स्वतः उचलला आणि त्याच्या हातात दिला. "अहो, चहा घ्या. गार होतोय. आणि लग्नाचा हॉल आपण बघायचा की यांनी, ते एकदाचं ठरवा बघू."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. चंद्रप्रकाश आतल्या दाराकडे बघत होता, तो काय बोलणार? गुरुजींनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मुलुंडला एक चांगला हॉल आहे."

प्रेमा बशा घेऊन बाहेर आली. एकेकाच्या हातात देत गेली, सासऱ्यांना, सासूला, वडिलांना, दोन्ही काकांना. सुलक्षणापाशी येऊन ती वळली आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर जयवंतानं कुणाला न विचारता आरसा उतरवला. "वहिनी, माझंच चुकलं," असं काहीतरी तो पुटपुटला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. लवू सुलक्षणाला आपल्या घरात घेऊन आला आणि कॉटच्या कडेवर बसला.

"दादा ड्यूटी सुटली की कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा," तो म्हणाला. "तिथल्या साहेबासाठी. वॉचमन हाकलायचा तरी. पाणीखात्यातला मुकादम, आपल्या हाताखाली माणसं असलेला माणूस! शेवटी साहेबानं कंटाळून आत बोलावलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"दादा म्हणाला, सुलक्षणाला सांगू नको. उगाच तिला वाटेल आपण यांच्या उपकाराखाली आलो. जावा-जावांत मग ताठ मानेनं बोलता येत नाही."

"आणि ताईंना माहीत होतं?"

"वहिनीनंच तर दादाला धाडलं होतं."

सुलक्षणानं डोळ्यांना पदर लावला. तिला ती बाटली देताना बडबडणारी शेवंती आठवली, नोकरीचे पेढे वाटायला गेल्यावर 'देवानंच बघितलं गो' म्हणून हात जोडणारी शेवंती आठवली. वर्षभर त्या बाईच्या तोंडून एक शब्द सुटला नाही, भांडणातसुद्धा नाही. आणि आपण? आपण पेढा देऊन येताना आरशाकडे वर बघितलं होतं.

दारात प्रेमा उभी होती. साडी बदललेली, वेणी सोडलेली.

"काकी," ती म्हणाली, "दुसऱ्या वेळी नकार आला तेव्हा मी तुझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडले होते. तू माझ्या केसांवरून हात फिरवत होतीस."

"प्रेमा, तेव्हा मला खरंच वाईट वाटत होतं. देवाशपथ."

"ते मला माहीत आहे," प्रेमा म्हणाली. "म्हणूनच कळत नाहीये." आणि ती निघून गेली.

दुपारी पुरुष माणसं झोपल्यावर सुलक्षणा समोर गेली. शेवंती मोरीत भांडी घासत बसली होती. राखेचे हात, कपाळावर घाम, सकाळचा आवाज पार बसलेला. सुलक्षणा तिच्या शेजारी उकिडवी बसली. नळ वाहत होता.

"ताई, बोला मला. शिव्या द्या, हाकलून द्या. काहीतरी करा."

शेवंतीनं पातेलं पालथं घातलं. मग ती सुलक्षणाकडे न बघता म्हणाली, "मी तुका काय बोलूचंय नाय."

"ताई…"

"बोललंय, तर तू रडतलंस. तू रडलंस की मी रडतलंय. आणि मग संपला सगळा, जसा काय झालाच नाय." तिनं नळ बंद केला. "तसा माका नको. तुझा ओझा तुझ्याकडेच ऱ्हवांदे."

सुलक्षणानं पालथं घातलेलं पातेलं पुसायला घेतलं.

"आणि उद्यापासून सकाळी लवकर ये," शेवंती म्हणाली, आता साध्या आवाजात, कामाचं सांगावं तशी. "लग्नाचं एवढं सगळं मला एकटीला व्हायचं नाही."

"येते," सुलक्षणा म्हणाली. रडू आलं होतं. ते तिनं गिळलं, कारण शेवंतीनं तिच्याकडे तेवढं एकच मागितलं होतं.